फास्टॅग धावत्या गाडीतून वाचला जातो, मग गोदामातला टॅग का नाही?

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदाममालकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "अमरावती रोडला माझं ट्रकच्या सुट्या भागांचं गोदाम आहे. लोखंडी माल, ऑईल आणि कूलंटचे डबे, रबरी होज पाईप. आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायचे टॅग, बसवणारा एक जण आला, दहा मीटरवरून सगळा माल आपोआप मोजला जाईल म्हणाला. डेमो झकास झाला. माझ्या मालावर टॅग लावले तर निम्मे येईचनात. गोंडखैरीच्या टोलवर फास्टॅग चालत्या गाडीतून घेतो, मेट्रोचं कार्ड मात्र टेकवावं लागतं. हे चालतं तरी कसं? माझ्याकडे चालेल का? माझ्या साळ्याला संत्र्यांच्या क्रेटवरही लावायचे आहेत. आणि फास्टॅगमधून घड्याळ लावून पैसे काढतात, ते खरं का?"

भाऊ, चालेल. पण सगळ्या मालावर नाही, आणि दहा मीटरवरून तर नाहीच. डेमो दाखवणारा खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यावर टॅग चिकटवून मोकळ्या जागेत दाखवला असेल, आणि तिथे दहा मीटर खरंच मिळतात. तुमच्याकडे पत्र्याचं शेड, लोखंडी रॅक, लोखंडी शटर आणि मालही लोखंडी. रेडिओ लहरींसाठी ती वेगळीच जागा आहे.

आधी टॅगच्या आत काय असतं ते बघू. फास्टॅग उजेडासमोर धरला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याची नक्षी दिसते, तो अँटेना. त्याच्या मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची चिप. बॅटरी नाही. रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सोडतो, त्या लहरीमुळे अँटेनात जी क्षीण वीज तयार होते तेवढ्यावरच चिप जागी होते. जागी झाल्यावरही ती स्वतःहून काही प्रसारित करत नाही. तेवढा दम तिच्यात नसतो. ती फक्त आपल्या अँटेनाची जोडणी झपाट्याने बदलत राहते, आणि त्यामुळे अँटेनावरून परत फिरणारी लहर कमी-जास्त होते. लहानपणी आरशाचा तुकडा उन्हात धरून समोरच्याच्या डोळ्यांवर कवडसा पाडायचो, तसंच हे. उजेड रीडरचा, टॅगचं काम फक्त तो लुकलुकवणं. रीडर एकीकडे लहर सोडत असतो आणि दुसरीकडे स्वतःच्याच आवाजाच्या गोंगाटात ही लुकलुक शोधत असतो.

ही युक्ती जुनी आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूताच्या निवासस्थानी सात वर्षं भिंतीवर होती. १९५२ मध्ये कळलं की आत बॅटरीही नाही आणि तारही नाही असा एक ध्वनिग्राहक दडवलेला आहे. बाहेरून रेडिओ लहर मारली की तो खोलीतल्या बोलण्याप्रमाणे ती बदलून परत पाठवायचा. बनवणारा सोव्हिएत संशोधक लेव तेरमेन. हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित ऊर्जेने संदेशवहन करता येईल असा शोधनिबंध लिहिला तो १९४८ चा. बाकीची वाट चिप स्वस्त होण्याची होती.

आता मेट्रोच्या कार्डाचं. तेही आरएफआयडीच्याच घराण्यातलं, पण चालण्याची तऱ्हा निराळी. मेट्रोचं महाकार्ड, तुमचं टॅप करायचं बँक कार्ड आणि मोबाइलमधलं एनएफसी, म्हणजे टेकवून पैसे द्यायची सोय, ही सगळी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात. इथे लहर परत फेकण्याचा मामलाच नाही. गेटमध्ये एक कॉइल, कार्डात एक कॉइल, आणि दोन्हींमध्ये चुंबकीय क्षेत्र. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांसारखं. कॉइलपासून दूर जाताना हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कोसळतं. अंतर दुप्पट झालं की आठवा हिस्सा उरतो. म्हणून कार्ड चार-पाच सेंटिमीटरवर न्यावं लागतं. ती उणीव नाही, पैशाच्या व्यवहाराला तेच हवं. सीताबर्डीच्या गर्दीत मागच्या माणसाच्या खिशातल्या कार्डातून तुमचं भाडं कापलं जाऊ नये एवढीच अपेक्षा असते. एकाच पाकिटात दोन कार्डं असली की गेट गोंधळतं, त्याचंही कारण हेच: दोन्ही कार्डं एकदम जागी होतात.

याहून खालची पट्टी १२५ आणि १३४.२ किलोहर्ट्झची. ती पाण्यातून आणि मांसातून सहज जाते म्हणून जनावरांच्या कातडीखालच्या चिपला वापरतात; कुत्र्याला बसवतात ती पंधरा अंकी चिप हीच. पण गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला, ज्याला पशू आधार म्हणतात, त्यावर बारा अंकी क्रमांक आणि बारकोड छापलेला असतो. आरएफआयडी असेलच असं कुणी धरून चालू नये. तसंच वाघाच्या गळ्यातली कॉलर. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय नावाचा वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला तेव्हा मला कित्येकांनी विचारलं, टॅग होता ना, मग सापडत कसा नाही? त्या कॉलरमध्ये बॅटरी आणि स्वतःचा प्रक्षेपक असतो. बॅटरी संपली किंवा कॉलर फुटली की गप्प. आपल्या टॅगचा आणि तिचा संबंध नाही.

परत तुमच्या गोदामात येऊ. टोलनाक्यावर आणि गोदामात चालणारी पट्टी एकच, यूएचएफ, म्हणजे अति उच्च कंपनसंख्येची. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा सरकारने २००५ साली परवान्याविना वापरायला मोकळा केला, पुढे २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. त्यात रीडरची शक्ती एक वॅट आणि अँटेनातून एका दिशेला एकवटून चार वॅटपर्यंत अशी मर्यादा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही रीडर अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर लावलेले येतात. ते इथे वाजवायचे नाहीत, त्या पट्ट्यात आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचं काम चालतं. विकणाऱ्याकडे डब्ल्यूपीसीची, म्हणजे सरकारच्या बिनतारी विभागाची, ईटीए ही उपकरण-मंजुरी मागा. गुळमुळीत उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

आता हिशेब. रीडरने चार वॅट सोडले आणि टॅग अगदी मोकळ्या हवेत दहा मीटरवर असला, तर त्याच्या अँटेनाला मिळतात पन्नासेक मायक्रोवॅट, म्हणजे सोडलेल्यातला लाखातला एखादाच भाग. हल्लीच्या चिप्स दहा मायक्रोवॅट किंवा त्याहूनही कमीत जाग्या होतात. म्हणजे पाचपट शिल्लक. ऐकायला बरं वाटतं, पण ही शिल्लक कशी संपते बघा. रीडरचा अँटेना बहुधा वर्तुळाकार ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याची लहर गरगर फिरत निघते. टॅगचा अँटेना सरळ पट्टी. त्यात निम्मी शक्ती गेली. रीडर ऑफिसात ठेवून दारापर्यंत दहा मीटर पातळ आरजी-५८ केबल ओढली असेल तर दोनतृतीयांश शक्ती केबलच खाते. मी पाहिलेल्या रडक्या बसवण्यांपैकी बऱ्याच नुसती केबल जाड टाकून सुधारल्या आहेत. रीडर अँटेनाजवळ आणा, लांबवायचीच असेल तर नेटवर्कची तार लांबवा. टॅगचं टोक अँटेनाकडे आलं, म्हणजे पट्टी आडवी न दिसता सुईसारखी दिसली, तर उरलेलीही शक्ती गेली. आणि हे सगळं अजून माल मध्ये आणण्याआधीचं.

मालाकडे वळतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. साधं कागदी लेबल लोखंडावर चिकटवलं की ते मेलंच समजा. धातूच्या पृष्ठभागालगत विद्युत क्षेत्र जवळजवळ शून्य होतं आणि टॅगचा अँटेना ज्या कंपनसंख्येला जुळवलेला असतो ती जुळणीही बिघडते. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात. त्यांत फोम किंवा सिरॅमिकचा काही मिलिमीटरचा थर असतो आणि मागचा धातूच अँटेनाचा भाग होतो. ते चांगले चालतात, काही तर धातूवर नसले तर चालतच नाहीत. पण किंमत साध्या लेबलच्या कितीतरी पट. दुसरा उपाय झेंड्यासारखा टॅग: अर्धा भाग मालाला चिकटलेला, अँटेनाचा भाग बाहेर उभा. स्वस्त आहे, पण हमालांच्या हातात आठवडाभरात मुडपतो. बेअरिंग किंवा ब्रेक ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यात असतील तर टॅग खोक्याच्या अशा बाजूला लावा जिथे आत माल भिंतीला टेकलेला नाही. एखाद-दोन सेंटिमीटरची पोकळी मिळाली तरी फरक डोळ्यांना दिसतो.

ऑईल आणि कूलंट तुम्ही एका दमात लिहिलंत, पण टॅगला ही दोन वेगळी दैवतं आहेत. इंजिन ऑईल लहरी फारशा शोषत नाही. प्लास्टिकच्या कॅनवर साधं लेबल बऱ्यापैकी चालतं, पत्र्याच्या डब्यावर अर्थातच नाही. कूलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल. पाणी यूएचएफ लहर पिऊन टाकतं. कूलंटच्या कॅनवर टॅग झाकणाजवळच्या मानेवर किंवा मुठीवर लावा, जिथे मागे द्रव नसतो. रबरी होजमध्ये काजळी मिसळलेली असते, म्हणजे कार्बन, तोही लहरींना नको असलेला. होजला लेबल न चिकटवता लटकणारा बिल्ला बांधा.

मग तुमच्या मनात येईल की गाडीची काचही एक वस्तूच, तिथे कसं जमतं? फास्टॅगचा अँटेना मुळात काच पाठीमागे आहे असं धरूनच जुळवलेला असतो. काचेशिवाय हातात धरला तर तो सुरातून उतरतो, वर हाताच्या बोटांतलं पाणी त्याची उरलीसुरली शक्ती पितं. काचेला न चिकटवता हातात घेऊन दाखवायचे टॅग काळ्या यादीत टाकण्याचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं, ते रांगा आणि फसवणूक या दोन्ही कारणांनी, पण भौतिकशास्त्रही त्यांच्याच बाजूने आहे. काही गाड्यांच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा थर असतो. तिथे आरशामागे ठिपक्यांचा मोकळा भाग सोडलेला असतो, टॅग त्याच जागी लावायचा. वेगाची मात्र काळजी नको. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. अँटेनाचा पट्टा चार मीटरचा धरला तरी गाडी त्यात सेकंदाचा तिसरा भाग असते, आणि एक टॅग वाचायला काही मिलिसेकंद पुरतात. डझनावारी संधी मिळतात. टोलनाक्यावर दरवेळी एकच टॅग, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या कोनात, काचेवर येतो. तुमच्या दारातून पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळी, कसंही येतं.

एका पॅलेटवर दोनशे खोकी असली तर दोनशे टॅग एकदम बोलतील, मग रीडर ऐकणार कुणाचं? हा प्रश्न जेन-टू नावाच्या मानकात फार हुशारीने सोडवला आहे. रीडर जाहीर करतो की आता अमुक इतक्या पाळ्या आहेत. प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा निवडतो आणि आपली पाळी आली की एक छोटा यादृच्छिक अंक फेकतो. एकाच पाळीत दोघं बोलले तर गोंधळ होतो, ते पुढच्या फेरीत पुन्हा नशीब काढतात. एकटा बोलला तर रीडर तोच अंक परत उच्चारून त्याला ओळख देतो, तेव्हाच टॅग आपला ९६ बिटांचा क्रमांक सांगतो आणि काही काळ गप्प बसतो. चांगला रीडर अशा रीतीने सेकंदाला शेकडो टॅग उरकतो. इथवर यंत्रणा खरंच वाखाणण्यासारखी आहे.

पण गोदामात टॅग न वाचला जाण्यापेक्षा नको तो टॅग वाचला जाण्याचा त्रास मोठा असतो, आणि याबद्दल विकणारे अवाक्षर काढत नाहीत. तुमचं शटर लोखंडी. लहर त्यावर आपटून मागे रॅकपर्यंत जाते. कधी रॅकवरचा निवांत पडलेला माल "गेला" म्हणून नोंदला जातो. लहरी पत्र्यांवरून उसळून एकमेकींत मिसळतात, कुठे एकमेकींना मारतात, कुठे दुप्पट करतात. या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साधारण पस्तीस सेंटिमीटर, म्हणून दर सतरा-अठरा सेंटिमीटरवर आंधळा ठिपका सापडू शकतो. हातभर पुढे टॅग येत नाही आणि आठ मीटर मागचा येतो, असा चमत्कार त्यातूनच. हिंगण्याच्या एका कारखान्यातला सुपरवायझर मला म्हणाला होता, "साहेब, समोरचा घेऊन नाही राहिला अन् भिंतीमागचा सोडून नाही राहिला." यंत्रणेचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

आणखी एक गंमत. डॉकला, म्हणजे माल चढवायच्या धक्क्याला, ट्रक लागला की त्याच्या काचेवरचा फास्टॅगही तुमच्या रीडरला दिसतो, कारण पट्टी आणि मानक एकच. तुमच्या मालाच्या यादीत अचानक अनोळखी क्रमांक उगवतात. म्हणून टॅगमध्ये क्रमांक भरताना सुरुवातीचे काही अंक ठरावीक ठेवा आणि रीडरला सांगा की एवढेच ऐक. कारखान्यातून कोऱ्या टॅगसोबत जे क्रमांक येतात तेच चालवू नका. दोन वेगळ्या गठ्ठ्यांत तेच क्रमांक आले तर शोधत बसाल.

नको ते वाचन आवरायचे उपाय साधे आहेत. शक्ती वाढवू नका, घटवा. दारातला माल येईल इतकीच ठेवा. अँटेना समोरासमोर न लावता खाली आणि आतल्या बाजूला झुकवा. दाराला प्रकाशकिरणाचा सेन्सर लावा, पॅलेट मधून गेलं तरच वाचन सुरू व्हावं. दाराच्या आत आणि बाहेर असे दोन अँटेना ठेवले तर आधी कुठे दिसला यावरून आवक की जावक ते कळतं. सॉफ्टवेअरला नियम घाला की एखादा टॅग ठरावीक वेळा आणि ठरावीक ताकदीने दिसल्याशिवाय तो गेला असं धरायचं नाही. रीडर एका टॅगची दहा-वीस वाचनं सहज ओततो, त्यातून "हा माल या चलानावर बाहेर पडला" एवढी एकच नोंद तयार करणं हे खरं काम. विकणाऱ्याच्या कोटेशनमध्ये रीडर, अँटेना, टॅग यांच्या ओळी असतील आणि सॉफ्टवेअर एका ओळीत उरकलेलं असेल, तर पैसे कुठे बुडणार ते आधीच कळतं.

साळ्याच्या संत्र्यांचं सांगतो. फळात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी. अंबिया बहाराच्या हंगामात कळमन्याच्या बाजारात जाणारा भरलेला क्रेट म्हणजे लहरींसाठी पाण्याची भिंत. क्रेटच्या ढिगात आतल्या बाजूचा टॅग बाहेरून वाचणं विसराच. पण त्याला संत्री मोजायची नाहीत ना? व्यापाऱ्यांकडे गेलेले क्रेट परत येत नाहीत, हेच त्याचं रडगाणं असणार. क्रेट प्लास्टिकचा, प्लास्टिकला लहरींचं काही वावगं नाही. टॅग क्रेटच्या वरच्या कडेला, बाहेरून, फळाला न टेकेल असा रिव्हेटने ठोका. चिकटवलेला धुताना निघतो. वाचन करायचं ते रिकामे क्रेट परत येताना, आणि जाताना ढिगाच्या बाहेरच्या रांगा येतील इतपतच अपेक्षा ठेवून. जाताना एकेक ओळ सरकत्या पट्ट्यावरून गेली तर सगळे मिळतात. क्रेट, ट्रॉली, सिलिंडर, साचे, जे पुन्हा पुन्हा फिरून घरी येतं, तिथे आरएफआयडी पैसे वसूल करून देते. टॅग एकदा लावला की वर्षानुवर्षं तोच चालतो, त्यामुळे महागडाही परवडतो.

तुमच्या मालाचं तसं नाही. खोकं एकदा गेलं की टॅगही गेला. साधं लेबल हजारोंनी घेतलं तर दहाएक रुपयांच्या आत-बाहेर पडतं, धातूवरचं त्याहून पुष्कळ जास्त. वीस रुपयांच्या ऑईल सीलला असा टॅग लावणं मला तरी पटत नाही. त्याला बारकोडच बरा. बारकोड समोर धरावा लागतो, एकेक वाचावा लागतो, पण तो छापायला फुकटासारखा आणि लोखंडावरही चालतो. दिवसाला पन्नास-साठ नग फिरवणाऱ्याला मी आरएफआयडी घ्या म्हणून कधीच सांगत नाही, माझा धंदा असूनही. गिअरबॉक्स, रेडिएटर, टर्बो अशा महागड्या नगांवर धातूचे टॅग, पॅलेटवर एकेक टॅग, आणि बाकीच्याला बारकोड: तुमच्याकडे हे मिश्रण जमेल.

बुटीबोरीकडे जाणाऱ्यांनी कोळशाच्या ट्रकांचे वजनकाटे पाहिले असतील. खाणींच्या काट्यांवर ट्रकच्या टॅगवरून बूम, म्हणजे वाट अडवणारा दांडा, उघडतो आणि वजन त्या गाडीच्या नावावर आपोआप चढतं. टॅग तिथे उत्तम वाचला जातो, डोकेदुखी वेगळी असते. टॅग सोलून दुसऱ्या ट्रकवर लावला की यंत्रणेच्या लेखी तोच ट्रक आला. म्हणून काढताना फाटणारा टॅग आणि सोबत नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा लागतो. टॅग फक्त टॅग कुठे आहे ते सांगतो. तो ज्या वस्तूवर असायला हवा त्याच वस्तूवर आहे का, ते तुम्हालाच बघायचं असतं. तुमच्या गोदामातही हाच डाव होऊ शकतो: टॅग काढून खिशात, माल बाहेर. महागड्या नगांना फाटणारेच टॅग घ्या.

घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढण्याचा व्हिडिओ २०२२ मध्ये फिरला. काच पुसणारा मुलगा मनगट टॅगसमोर नेतो आणि पैसे गायब. खोटं आहे. टॅगमध्ये पैसे नसतातच, ते तुमच्या बँकेकडच्या खात्यात असतात. टॅगमध्ये असतो क्रमांक आणि गाडीचा तपशील. टोलनाक्याने तो क्रमांक आपल्या बँकेमार्फत एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधले डिजिटल व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेला, पाठवला की तुमची बँक पैसे देते, आणि हे फक्त नोंदलेल्या नाक्यांना आणि व्यापाऱ्यांनाच करता येतं. एनपीसीआयने तेव्हाच तसा खुलासा केला होता. शिवाय मोबाइल आणि घड्याळातलं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झचं, त्याला ८६५ चा टॅग दिसतच नाही. नोटबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत चिप आहे आणि जमिनीखालूनही उपग्रहाला दिसते अशी अफवा होती, तिच्याच पंगतीतली ही. बॅटरी नसलेला टॅग दहा मीटरवर धापा टाकतो, उपग्रह कुठला घेऊन बसलात!

खरी भीती वेगळीकडे आहे. ऑफिसच्या आणि सोसायटीच्या दाराला लावतात ती १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं फक्त आपला क्रमांक बोलतात, कुलूपकिल्ली काही नाही. त्यांची नक्कल बाजारात उभ्या उभ्या करून मिळते. मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डांची गुप्तलिपी नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये फोडून दाखवली, तरी ती अजून सर्रास विकली जातात. गोदामाच्या दाराला कार्ड लावणार असाल तर एईएस गुप्तलिपी असलेलं मागा. तुमच्या मालावरचे यूएचएफ टॅगही कुणी पुन्हा लिहू शकतो, म्हणून क्रमांक भरल्यावर पासवर्डने कुलूपबंद करा. कारखान्यात कोरलेला टीआयडी नावाचा क्रमांक बदलता येत नाही. महागड्या नगांसाठी सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची जोडी जपून ठेवा.

आता करायचं काय. सगळ्या गोदामाला हात लावू नका. एक दार घ्या आणि जावक मालच घ्या. टॅग विकत घेण्याआधी चार-पाच जातींचे नमुने मागवून तुमच्याच नगांवर लावून पाहा, प्रत्येक मालाला कुठल्या जागी लावायचा ते फोटोसह ठरवा आणि तो फोटो टॅग लावणाऱ्या पोरांच्या टेबलासमोर चिकटवा. चाचणीत दोन आकडे वेगवेगळे मागा: गेलेल्यांपैकी किती वाचले, आणि न गेलेल्यांपैकी किती "गेले" म्हणून आले. दुसरा आकडा विकणारा स्वतःहून देणार नाही. चिप ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, पण आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली स्वस्त गोंद ढिला पडतो आणि लेबलं टाइल्सवर गळालेली सापडतात. म्हणून चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्या, रॅक मालाने भरलेले असताना, शटर अर्धं खाली आणि बाहेर दोन ट्रक लागलेले असताना. विकणारा त्याला कां-कूं करू लागला तर दुसरा बघा.